प्राणीप्रेमींनी घरबसल्या काय पाहावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भटक्या कुत्र्या-मांजरांना घरं शोधून देण्याचं काम मी करते. पिल्लू घेऊन गेलेली माणसं पुढे लसीकरणाचं विचारतात, जंताच्या औषधाचं विचारतात, आणि रविवार जवळ आला की हमखास विचारतात, "ताई, आज काय बघू?" तेच तेच प्रश्न पुन्हा यायला लागले, म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहिली आहेत. बऱ्याच सिनेमांचा शेवट यात सांगून टाकला आहे. तो का, ते प्रश्न 3 मध्ये कळेल.

1. मला माहितीपट बघायची सवय नाही. सुरुवात कशाने करू?

'द एलिफंट व्हिस्परर्स'ने करा. साधारण 40 मिनिटांचा आहे, नेटफ्लिक्सवर आहे, जेवता जेवताही बघून होतो. पण जेवताना बघू नका, ताट तसंच राहील. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात थेप्पकाडूचा हत्तींचा तळ आहे. तिथे बोम्मन आणि बेल्ली हे दोघे रघू नावाचं पोरकं हत्तीपिल्लू वाढवतात. त्याला घास भरवणं, नदीवर अंघोळ घालणं, रागावणं, समजूत काढणं, एवढंच त्यात आहे. कार्तिकी गोन्साल्विस यांच्या या लघुमाहितीपटाला 2023 मध्ये ऑस्कर मिळालं. रघूला पुढे दुसऱ्या माहुताकडे सोपवतात आणि तिथे बेल्लीचा चेहरा पाहवत नाही. पिल्लू सांभाळून दत्तक दिलेल्या कुणालाही ते दुःख ओळखीचं वाटेल.

हा आवडला तर पुढची पायरी 'ऑल दॅट ब्रीद्स'. शौनक सेन यांचा 2022 चा हा माहितीपट दिल्लीतल्या वझिराबादच्या दोन भावांचा आहे. घराच्या तळघरात साबणाचे डिस्पेन्सर बनवायचं काम चालतं आणि त्याच तळघरात जखमी घारींवर उपचार चालतात. घार मांसाहारी म्हणून एका पक्षी-रुग्णालयाने तिला घेतलं नाही, तिथून यांचं काम सुरू झालं. संक्रांतीनंतर मांजाने पंख कापलेली घार किंवा बगळा ज्यांनी हातात घेतलाय, त्यांना यातलं प्रत्येक टाक्याचं दृश्य आपलं वाटेल. याची गती संथ आहे. दिवसभर दमून आल्यावर लावू नका, सुट्टीच्या सकाळी लावा.

2. मराठीत प्राण्यांवर चांगलं काही आहे का, की सगळं परदेशातलंच?

आहे, आणि मला ते सगळ्यात जवळचं आहे. तीन सांगते.

'टिंग्या' (2008), मंगेश हाडवळे यांचा. जुन्नरच्या बाजूचं शेतकरी कुटुंब. घरचा बैल चितंग्या खड्ड्यात पडून जायबंदी होतो आणि बाप त्याला खाटकाला द्यायला निघतो. द्यावंच लागणार असतं, कारण नवा बैल आणल्याशिवाय पेरणी होत नाही. शेजारची म्हातारी आजारी पडली की तिला औषधपाणी करतात, मग चितंग्याला का नाही, असं लहानगा टिंग्या विचारतो आणि घरातल्या कुणाकडे त्याचं उत्तर नसतं. शरद गोयेकर या मुलाला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

माझ्या वडिलांनी हा सिनेमा आमच्याकडे पाहिला तेव्हा अर्ध्यातून उठून ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "आपला सर्ज्या बहात्तरच्या दुष्काळात विकला. बाजारातून परत येताना दावं माझ्या हातात होतं. घरी आल्यावर ते कुठे टांगायचं कळेना." आमच्याकडे सर्ज्या नावाचा बैल होता, हे मला तोवर माहीतच नव्हतं.

'वळू' (2008), उमेश कुलकर्णी यांचा. देवाला सोडलेला डुरक्या नावाचा वळू, आणि गावातल्या प्रत्येक नुकसानीचं खापर त्याच्याच माथी. त्याला पकडायला वन अधिकारी येतो. भरपूर हसवणारा सिनेमा आहे, पण मोकळ्या जनावराकडे माणसं कशी बघतात याचं इतकं अचूक चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. ज्यांच्या गल्लीतल्या एका कुत्र्यावर सगळी सोसायटी उठली आहे, त्यांनी तर जरूर पाहावा. डुरक्या मरत नाही.

'आजोबा' (2014), सुजय डहाके यांचा, उर्मिला मातोंडकर यांच्या भूमिकेचा. सिनेमा बरा आहे, त्यामागची खरी गोष्ट त्याहून मोठी आहे. 2009 मध्ये नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीत एक बिबट्या पडला. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या गटाने त्याच्या गळ्यात जीपीएस पट्टा बसवला आणि त्याला माळशेज घाटात सोडलं. तो महामार्ग आणि रेल्वेचे रूळ ओलांडत सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत आला. वाटेत त्याने एकाही माणसाला इजा केली नाही. डिसेंबर 2011 मध्ये मुंबई–अहमदाबाद महामार्गावर वाहनाच्या धडकेने तो गेला. शरीरात बसवलेल्या चिपवरून तो आजोबाच आहे हे कळलं.

3. शेवटी कुत्रा मरतो का? तेवढंच आधी सांगा.

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. यात लाजण्यासारखं काही नाही. आधी सांगितल्याने सिनेमा बिघडतो असं मला वाटत नाही. ज्यांच्या पायाशी कुत्रा झोपलेला असतो त्यांना हे आधी माहीत असलेलं बरं असतं.

प्राणी जातो असे: 'हाथी मेरे साथी' (1971) मधला रामू हत्ती. 'मार्ली अँड मी' (2008) मधला लॅब्रेडॉर, म्हातारपणाने. 'हाची' (2009) मधला अकिता जातीचा कुत्रा. '777 चार्ली' (2022) मधली चार्ली ही कुत्री, कॅन्सरने. 'चार्ली' मूळ कन्नड आहे, हिंदीतही मिळतो आणि बराच लांब आहे. शेवटचा भाग सुरू होण्याआधी रुमाल घेऊन बसा.

'हाची'ची खरी कथा जपानची आहे. प्राध्यापक उएनो 1925 मध्ये कामावर असताना अचानक गेले. त्यांचा कुत्रा हाचिको त्यानंतर 1935 मध्ये स्वतः मरेपर्यंत टोकियोच्या शिबुया स्टेशनवर त्यांची वाट पाहत राहिला. तो जिवंत असतानाच, 1934 मध्ये, तिथे त्याचा पुतळा उभा राहिला होता. युद्धात तो वितळवला गेला आणि 1948 मध्ये पुन्हा उभारला.

प्राणी सुखरूप राहतो असे: 'चिल्लर पार्टी' (2011) मधला भिडू, आणि वर सांगितलेला 'वळू'. 'बेब' (1995) मधलं डुकराचं पिल्लूही वाचतं, पण त्यात एक म्हातारी मेंढी जाते.

इतर कुठल्याही सिनेमासाठी 'डझ द डॉग डाय' नावाचं संकेतस्थळ आहे. नाव टाकलं की प्रेक्षकांनी नोंदवलेली उत्तरं मिळतात. कुत्र्याबरोबरच मांजर, घोडा यांचीही वेगळी नोंद असते.

4. आमची कुत्री राणी मागच्या महिन्यात गेली. आता असं काही पाहू का, की त्रास होईल?

वरच्या पहिल्या यादीतलं सध्या काहीच नको. आजारपणाची, इंजेक्शनची, दवाखान्यातल्या टेबलाची दृश्यं तर मुळीच नकोत. ती तुम्ही नुकतीच स्वतः पाहिली आहेत.

काही जणांना मात्र रडायचंच असतं आणि घरात रडायला जागा नसते, कारण "कुत्रंच होतं ना" असं म्हणणारं कुणीतरी असतंच. अशांनी 'हाची' दुपारी, एकट्याने पाहावा. एका काकूंनी मला नंतर कळवलं की त्यांचा कुत्रा गेल्यापासून त्या दिवशी त्या पहिल्यांदा पोटभर रडल्या आणि रात्री झोपल्या. दोन्ही वाटा बरोबर आहेत. तुमची कुठली ते तुम्हालाच कळेल.

5. पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबर काय बघावं?

'फ्लो' (2024). लॅटव्हियातल्या दिग्दर्शकाची ही ॲनिमेशन फिल्म आहे, 2025 मध्ये तिला ऑस्कर मिळालं. पूर आला आहे, माणसं कुठे दिसत नाहीत, आणि एक मांजर, एक कुत्रा, एक लेमूर, एक कॅपिबारा आणि एक मोठा पक्षी एका होडीत आहेत. कुणीही माणसाच्या भाषेत बोलत नाही. मांजर मांजरासारखंच वागतं, म्हणजे पाण्याला भितं, वस्तू ढकलून पाडतं, आधी वास घेतं आणि मग ठरवतं. आवाजही खऱ्या प्राण्यांचे आहेत. फक्त कॅपिबाराचा खरा आवाज पात्राला शोभेना, म्हणून त्याच्यासाठी उंटाच्या पिल्लाचा वापरला आहे. पाण्यात बुडण्याची दृश्यं थोडी भीतिदायक आहेत, तेव्हा मुलाला मांडीवर घेऊन बसा.

'चिल्लर पार्टी' आठ वर्षांच्या पुढे. एका भटक्या कुत्र्यासाठी कॉलनीतली पोरं थेट मंत्र्याशी भांडतात. हा पाहिल्यावर आमच्याकडे दोन घरांतल्या मुलांनी सोसायटीच्या बैठकीत कुत्र्यांच्या बाजूने बोलायची परवानगी मागितली आणि ती मिळाली.

'जंगल बुक'ची जपानी मालिका 1993 मध्ये दूरदर्शनवर हिंदीत लागायची. शेरखानला नाना पाटेकरांचा आवाज होता आणि शीर्षकगीत गुलजारांचं. ज्यांचं बालपण तिच्यात गेलं ते आता आपल्या मुलांना दाखवतात. दाखवा. आणि पुढच्या सुट्टीत पेंचला न्या. मोगलीचं शिवनी तिथून लांब नाही आणि पेंचचं जंगल महाराष्ट्रातही पसरलेलं आहे.

6. आईला सबटायटल वाचायला जमत नाही. तिच्यासोबत काय बघू?

शब्दच नाहीत असं बघा. 'फ्लो' आहेच (प्रश्न 5). दुसरा 'गुंडा' (2020), नॉर्वेतली एक डुकरीण आणि तिची पिल्लं. चित्र काळं-पांढरं, निवेदन नाही, पार्श्वसंगीत नाही. शेवटी पिल्लं नेली जातात आणि ती रिकाम्या आवारात फिरत राहते. ज्या बायांनी गोठा सांभाळला आहे, वासरू गेल्यावर हंबरणारी गाय पाहिली आहे, त्यांना यातलं एकही दृश्य समजावून सांगावं लागत नाही. आईची तब्येत किंवा मन हळवं असेल तर मात्र हा नको.

निसर्गावरच्या मोठ्या मालिका हिंदी निवेदनासह मिळतात. सेटिंगमध्ये आवाजाची भाषा बदलायचा पर्याय शोधा, बऱ्याच जणांना तो असतो हेच माहीत नसतं.

7. सगळं कुत्र्यांवरच का? मांजरांसाठी काही?

'केडी' (2016). इस्तंबूलच्या रस्त्यांवरची सात मांजरं आणि त्यांना सांभाळणारी माणसं. तिथली मांजरं कुणाची नसतात आणि सगळ्यांची असतात. कोकणातल्या मासळीबाजारात किंवा पुण्यातल्या जुन्या वाड्यात मांजर ज्या हक्काने बसतं, तोच हक्क. बोलणं तुर्की आहे, पण अर्ध्याहून जास्त काम नजरेनेच होतं.

8. "या चित्रपटात कोणत्याही प्राण्याला इजा झालेली नाही" या पाटीवर विश्वास ठेवायचा का?

बराचसा ठेवा, पण पाटी काय सांगते ते समजून घेऊन.

भारतात प्राणी वापरून चित्रीकरण करायचं असेल तर 2001 च्या नियमांनुसार भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाकडे नोंदणी आणि परवानगी लागते. मंडळाचं प्रमाणपत्र नसेल तर सेन्सॉर बोर्डाकडे सिनेमा अडतो. त्या प्रमाणपत्राचा क्रमांक सुरुवातीच्या पाटीत असतो. अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांना खेळ करायला शिकवणं आणि दाखवणं 1998 पासून बंद आहे, पुढे बैलही त्या यादीत आला. या सगळ्याचं मूळ 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात आहे.

हॉलीवूडची गोष्ट वेगळी. 1939 मध्ये एका सिनेमासाठी घोड्याला कड्यावरून पाण्यात पाडलं आणि तो मेला. लोक इतके चिडले की पुढच्या वर्षापासून तिथल्या प्राणिकल्याण संस्थेची माणसं सेटवर हजर राहू लागली. पण त्यांची नजर मुख्यतः कॅमेऱ्यासमोरच्या कामावर असते. न्यूझीलंडमध्ये चित्रित झालेल्या एका भव्य सिनेमाच्या वेळी, सेटवर नव्हे तर प्राणी ठेवलेल्या शेतावर, बरीच जनावरं दगावल्याचा आरोप 2012 मध्ये तिथल्या राखणदारांनीच केला होता.

म्हणून मी पाटी वाचते आणि मग प्राण्याकडे बघते. कान मागे चिकटलेले, शेपूट पोटात घातलेली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, तोंड मिटून जीभ सारखी ओठांवरून फिरतेय, ही घाबरलेल्या कुत्र्याची लक्षणं आहेत. पडद्यावर विनोदी संगीत वाजत असलं तरी ती लपत नाहीत.

9. ओटीटीवरच्या मालिकांनाही हे नियम लागू आहेत का?

चित्रीकरणाचा कायदा प्राण्यासाठी आहे, तो कुठे दाखवणार यावर अवलंबून नाही. तेव्हा हो. फरक इतकाच की ओटीटीवरच्या मालिकेला सेन्सॉर बोर्डाकडे जावं लागत नाही, त्यामुळे तिथली अडवणूक नसते. तुमच्या परिसरात चित्रीकरण चालू असेल आणि प्राण्याचे हाल दिसले तर तारीख, वेळ, जागा टिपून फोटोसह मंडळाकडे आणि स्थानिक पोलिसांकडे तक्रार करा.

10. मग सगळं ग्राफिक्सनेच का करत नाहीत?

आता बरंच तसंच होतं. 'द जंगल बुक'च्या 2016 च्या सिनेमात मोगलीचं काम करणारा मुलगा खरा आणि बाकी सगळी जनावरं संगणकावर घडवलेली आहेत. वाघ-सिंहांसाठी मला हाच मार्ग योग्य वाटतो.

कुत्र्यांचं मात्र वेगळं आहे. प्रेमाने, खाऊ देऊन शिकवलेला कुत्रा काम मजेत करतो, ते त्याच्या चालीत दिसतं. 'बेब'साठी एकाच डुकराने भागलं नाही, कारण पिल्लं भराभर वाढतात. त्यांनी एकूण 48 पिल्लं वापरली. या सिनेमात शेतकऱ्याची भूमिका करणारे जेम्स क्रॉमवेल चित्रीकरणानंतर कायमचे वीगन झाले.

11. निसर्गावरच्या मालिकांत दाखवतात ते खरंच तसं घडलेलं असतं?

घडलेलं असतं, पण जुळवलेलंही असतं.

आवाजापासून सुरुवात करू. दोनशे मीटरवरून लांब भिंगाने टिपलेल्या प्राण्याच्या पावलांचा आवाज ध्वनिमुद्रकाला मिळणं शक्य नाही. ते आवाज नंतर स्टुडिओत तयार करतात. 'प्लॅनेट अर्थ 2' (2016) मधला सागरी घोरपडीच्या पिल्लाचा आणि सापांचा पाठलाग ज्याने पाहिलाय तो विसरणार नाही. गॅलापागोसच्या फर्नांडिना बेटावरचा तो प्रसंग एकापेक्षा जास्त पिल्लांच्या चित्रणातून जोडलेला आहे, हे निर्मात्यांनीच सांगितलं. 2011 च्या 'फ्रोझन प्लॅनेट'मध्ये ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लांचं गुहेतलं दृश्य प्राणिसंग्रहालयात घेतलेलं होतं. बाळंतीण अस्वलाच्या गुहेत जाऊन कॅमेरा लावणं म्हणजे तिला पिल्लं टाकायला लावणं, त्यामुळे हा निर्णय मला पटतो. तसं कार्यक्रमातच सांगितलं असतं तर आणखी पटला असता.

सरळ खोटेपणाही झालेला आहे. 1958 च्या 'व्हाइट विल्डरनेस'मध्ये लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून सामूहिक आत्महत्या करताना दाखवले. प्रत्यक्षात ते दुसरीकडून विकत आणले होते आणि त्यांना कडेलोट करून पाडलं होतं. 1982 मध्ये कॅनडातल्या एका कार्यक्रमाने हे उघड केलं. तोवर त्या सिनेमाला ऑस्कर मिळून गेलं होतं, आणि लेमिंग आत्महत्या करतात हा समज आजही टिकून आहे.

आपल्या जवळचं म्हणून 'प्लॅनेट अर्थ 2'चा शहरांवरचा भाग जरूर पाहा. रात्रीच्या मुंबईत, वस्तीच्या कडेला डुकरांची शिकार करणारे बिबटे त्यात उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी दाखवले आहेत. आजोबाला (प्रश्न 2) जिथे पोचायचं होतं ते जंगल हेच.

12. शिकारीची दृश्यं बघवत नाहीत. आणि कॅमेरावाले वाचवत का नाहीत?

बघवत नसतील तर पुढे सरकवा. हरणासाठी डोळ्यांत पाणी येणं आणि चित्त्याची पिल्लं दोन दिवस उपाशी आहेत हे माहीत असणं, दोन्ही एकाच मनात राहू शकतं.

हस्तक्षेप करायचा नाही हा या क्षेत्रातला जुना दंडक आहे. हरीण वाचवलं तर चित्त्याचं पिल्लू मारलं, म्हणून. त्यालाही अपवाद झाला आहे. 2018 च्या 'डायनेस्टीज' या मालिकेच्या वेळी अंटार्क्टिकात वादळाने पेंग्विनच्या माद्या पिल्लांसह खोल बर्फाच्या घळीत अडकल्या. चित्रीकरणाच्या पथकाने फावड्याने बर्फात उतार खणून दिला आणि कित्येक माद्या चालत वर आल्या. त्या पथकाचं म्हणणं होतं की यात कुणा शिकाऱ्याच्या तोंडचा घास जात नव्हता आणि पक्ष्यांना हात लावायची गरज नव्हती. मला ते पुरेसं वाटतं.

13. मुलाने मालिका पाहिली आणि आता हस्कीच हवा म्हणतोय. घ्यावा का?

नाही. इथे मी गोडीगुलाबीने सांगणार नाही.

हस्कीला दोन थरांची लोकर असते, ती बर्फात स्लेज ओढण्यासाठी. नागपूर-जळगावच्या 44–45 अंशांत, किंवा पुण्याच्या वन-बीएचकेमध्ये एसीच्या एका कोपऱ्यात, तो जगतो पण सुखात नसतो. सिनेमा गाजला की त्यातल्या जातीची मागणी वाढते आणि तो परिणाम दहा वर्षांपर्यंत टिकू शकतो, हे अमेरिकेतल्या नोंदींवरच्या 2014 च्या अभ्यासात दिसलं आहे. आपल्याकडे 2003 च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीतल्या पगने तेच केलं. घरोघरी पग आले. त्यांचं चपटं नाक म्हणजे अरुंद श्वासमार्ग, उन्हाळ्यात घरघर आणि दवाखाना, हे कुणी सांगितलं नाही. '777 चार्ली'मध्ये पैशासाठी पिल्लं काढणाऱ्यांचा जो धागा आहे, तो मुलाला मुद्दाम दाखवा.

मुलाला कुत्रा हवा असेल तर गल्लीतलं देशी पिल्लू घ्या. इथल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेलं आहे.

14. पोपट, कासव, घुबड सिनेमात पाळलेले दाखवतात. ते चालतं का?

आपला गळ्यावर लाल कंठ असलेला हिरवा पोपट, चांदणी कासव, घुबड यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. घरी पाळणं गुन्हा आहे, मग आजोळी कितीही वर्षं पिंजरा टांगलेला असो. घरात असेल तर वनविभागाशी बोला. एकदम उडवून देऊ नका, पिंजऱ्यात वाढलेला पोपट बाहेर टिकत नाही.

15. सासूबाई नागिणीच्या मालिका बघतात आणि बागेत धामण दिसली तरी मारायला सांगतात. काय करू?

मालिका बंद करायला सांगू नका, भांडण होईल. त्यांच्यासोबत बसा आणि एकेक गोष्ट सांगा. साप दूध पीत नाही, तहानेने व्याकूळ केलेला असेल तर काहीही पितो. पुंगीच्या सुरावर डोलत नाही, पुंगी हलते तसा तिच्यावर नजर ठेवून फणा फिरवतो. डूख धरत नाही. चेहरा लक्षात ठेवून वर्षभराने परत यावं इतकी स्मरणशक्ती त्याच्याकडे नाही.

धामण बिनविषारी आहे आणि घराभोवतीचे उंदीर खाते. आपल्याकडे खबरदारी घ्यायची ती मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांपासून. साप दिसला तर लांब उभं राहून सर्पमित्राला बोलवा. चावलाच तर मांत्रिकाकडे न नेता, जखम न कापता, सरळ सरकारी रुग्णालयात. प्रतिविष तिथे मिळतं. हे शेवटचं वाक्य सासूबाईंना दोनदा सांगा.

16. आमचा कुत्रा टीव्हीतल्या कुत्र्यावर भुंकतो. त्याला खरंच दिसतं?

दिसतं. जुन्या डबा टीव्हीवर त्याला चित्र लुकलुकताना दिसायचं, कारण कुत्र्याचे डोळे सेकंदाला साधारण 70–80 पर्यंतची लुकलुक पकडतात आणि आपले त्याहून कमी. नव्या पडद्यांवर ती अडचण राहिलेली नाही. निळा-पिवळा त्याला स्पष्ट दिसतो, लाल-हिरवा मातकट.

पण तो पाहतो त्यापेक्षा जास्त ऐकतो. आमची चिमी पडद्यावरच्या वाघाकडे ढुंकून बघत नाही आणि मालिकेत दाराची बेल वाजली की धावत जाऊन आमच्याच दाराशी उभी राहते. तिथे कुणी नसतं. मग ती उंबऱ्याच्या फटीला नाक लावून एकदा हुंगते आणि परत येऊन बसते. वास नाही म्हणजे कुणी आलं नाही, हे तिचं नक्की असतं.

मांजर असेल तर टीव्ही भिंतीला पक्का बसवा. चिमण्यांच्या दृश्यावर झेप घेऊन टेबलावरचा टीव्ही अंगावर ओढून घेतलेलं एक मांजर मी दवाखान्यात नेलेलं आहे.

17. कामावर जाताना कुत्र्यासाठी टीव्ही चालू ठेवू का?

बारीक आवाजात ठेवायला हरकत नाही, बाहेरचे फटाके आणि हॉर्न त्यात मिसळून जातात. युद्धाचे सिनेमे आणि आरडाओरड्याचे वृत्तविशेष नकोत. फिरवून आणणं, चघळायला काहीतरी देणं, दुपारी कुणीतरी डोकावणं, याच्या बदल्यात टीव्ही चालत नाही.

18. जुन्या सिनेमांत प्राण्यांचे हाल झाले असतील. ते पाहणं चूक आहे का?

'हाथी मेरे साथी' घ्या. नायकाच्या 'प्यार की दुनिया' या प्राणिसंग्रहालयात खरे वाघ-सिंह आहेत. आज तसं चित्रीकरण करता येणार नाही (प्रश्न 8). पण याच सिनेमामुळे हत्ती घरचा होऊ शकतो, रडू शकतो, हे एका अख्ख्या पिढीला जाणवलं. माझ्या आईला रामूचं शेवटचं दृश्य अजून बघवत नाही. मी तो पाहते आणि मुलांसोबत असेन तर थांबवून सांगते की हे आता बंद आहे, आणि का बंद आहे.

फक्त ज्याच्या चित्रीकरणात प्राणी मारल्याचं सिद्ध झालं आहे असं मी लावत नाही. 'व्हाइट विल्डरनेस' त्यातला.

19. मोबाइलवर प्राण्यांना वाचवण्याचे छोटे व्हिडिओ येतात. ते बघू का?

निवडून बघा. यातले बरेच बनावट असतात. पिल्लाला आधी चिखलात टाकतात, अजगराच्या विळख्यात देतात आणि मग "वाचवतात". ओळखायच्या खुणा आहेत. संकटाच्या आधीपासूनच कॅमेरा जागेवर असतो. वाचवणारा दोन-तीन बाजूंनी दिसतो. त्याच खात्यावर तेच पिल्लू पुन्हा पुन्हा सापडतं. आणि उपचार, दवाखाना, आठवड्याभराने ते कसं आहे, यातलं काहीच कधी दिसत नाही. खरी संस्था पुढची खबर देते.

गोंडस दिसणारेही तपासा. लोरिस या मोठ्या डोळ्यांच्या, माकडांच्या नात्यातल्या छोट्या प्राण्याला गुदगुल्या केल्या की तो दोन्ही हात वर करतो, असा एक व्हिडिओ 2009 पासून फिरतोय आणि मला अजून महिन्यातून एकदा तरी येतो. लोरिसच्या कोपराजवळ, दंडाच्या आतल्या बाजूला, एक ग्रंथी असते. घाबरला की तो हात वर करून तिथला स्राव तोंडात घेतो, लाळेत मिसळून त्याचं विष होतं आणि मग तो चावायला तयार असतो. पाठवणाऱ्याला मी एवढंच कळवते आणि व्हिडिओच्या खालचं तक्रारीचं बटण कुठे आहे ते दाखवते.